तीन प्लग-इन आणि एक मुहूर्त

आमच्या खालच्या मजल्यावरचे पाठककाका इंटरनेटवरच्या व्हिडिओचा उशीर पळांत मोजायचे. सेकंद त्यांना चालत नसत. जिन्यात गाठ पडली की नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून सरळ सांगायचे, "काल फ्लॅशनं पाऊण पळ घेतलं. सिल्व्हरलाइट अर्ध्या पळात आलं. लई सुधारलंय." एक पळ म्हणजे चोवीस सेकंद, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काकांचे आजोबा पैठणकडच्या गावांना लग्नाचे मुहूर्त काढून द्यायचे आणि मांडवात पाण्यावर घटिकापात्र सोडून वेळ सांगायचे. काकांनी भिक्षुकी केली नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, पण घराण्याचं माप मात्र त्यांनी सोडलं नाही.

आज हे समजावून सांगावं लागतं, पण तेव्हा ब्राउझरला व्हिडिओ आपला आपण दाखवता येत नसे. त्यासाठी त्यात प्लग-इन नावाचं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागे, आणि ते बनवणाऱ्यांत मोठी चढाओढ होती. माझ्यासारखे लोक पहिलं मिळालं ते बसवून मोकळे झाले. काकांनी तीन ब्राउझर घेतले, प्रत्येकात वेगळं प्लग-इन बसवलं आणि तिघांचं पाणी जोखायला सुरुवात केली.

"प्लग-इन म्हणजे मध्यस्थ," काका सांगायचे. "ब्राउझर मुलीकडचा, व्हिडिओ मुलाकडचा. मधी बोलणारं कुणीतरी पाहिजेच." रिअल प्लेअर त्यांच्या मते जुन्या वळणाचा मध्यस्थ होता. यायचा, बसायचा, चहा घ्यायचा आणि मग कुठं विषयाला हात घालायचा. फ्लॅश सगळ्यांच्या ओळखीचा, घरोघर जाणारा, पण तो आला की काकांच्या कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. सिल्व्हरलाइटवर त्यांचा जरा जीव होता. "हा समजूतदार हाय. पाणी कमी आलं तर बारीक धार धरतो, पण धार तुटू देत नाय."

पाण्याचा दाखला काही उगीच नव्हता. ती दुष्काळाची वर्षं होती. नळ कधी येईल हे नगरसेवकालाही सांगता येत नव्हतं, आणि आमच्या गारखेड्यात मात्र एकामागून एक इमारती उठत होत्या. सगळ्या इमारती एकाच टँकरची वाट बघायच्या. बफर म्हणजे काय, हे काकांनी मला गच्चीवर नेऊन, टाकीचं झाकण उघडून समजावलं. "नळ गेला तरी घरात पाणी येतं, कशामुळं? ह्या टाकीमुळं. टाकी आटली की पडद्यावर चक्र फिरतं." आम्ही दोघांनी आत वाकून बघितलं. तळाला वीतभर पाणी होतं.

दर रविवारी सकाळी काकांच्या घरी चाचणी असायची. मी आणि माझी बायको मीना हे कायमचे परीक्षक. चित्र अडकून चक्र फिरायला लागलं की आम्ही हात वर करायचा, मग काका मनगटी घड्याळात बघून पळं मोजायचे. खाली टँकरचा भोंगा वाजला तरी सुटका नसे. "बादल्या लावून ये, तोवर मी थांबवून ठेवतो," म्हणायचे.

चाचणीचा व्हिडिओ नेहमी एकच, त्यांच्या मुलीच्या, वृंदाच्या लग्नाचा. वृंदा कॅनडात नोकरीला. लग्न तिकडेच, तिच्या सुट्टीच्या बेतानं झालं होतं. शैलाकाकूंचं तेव्हा डायलिसिस सुरू होतं. विमानाचा प्रवास शक्यच नव्हता, आणि त्यांना सोडून काका जाणार नव्हते. लग्न लाइव्ह दाखवणारं इंटरनेटवर एक पान होतं, ते दोघांनी घरून बघितलं. पुढं रेकॉर्डिंगही त्याच पानावर राहिलं. दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

तर हे लग्न आम्ही इतक्या वेळा बघितलं, की मुलाच्या मावशीनं कोणत्या श्लोकाला पदर सावरला हे मीना आधीच सांगायची. पण शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की काका झटकन व्हिडिओ थांबवत. "चाचणी पुरी झाली." मीना घरी येऊन कुरकुरायची, "एवढ्यांदा लग्नाला गेलो, पण अजून हार काही पडले नाहीत." मीही हसायचो. काकांना निकालाशी मतलब, लग्नाशी नाही, असं आमचं ठाम मत होतं.

एका रविवारी तीनही प्लग-इन मुके झाले. इंटरनेटवाला रफिक आला, पलीकडच्या प्लॉटवर बोट दाखवून म्हणाला, "चाचा, जेसीबीने तार काटी. इसमें प्लग-इन बिचारा क्या करेगा?" काका शांतपणे म्हणाले, "तू तार जोड. जोडल्यावर पहिलं कोण उठतं ते बघायचंय." रफिकनं माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवून मॉनिटरपाशी नेहमी असणाऱ्या स्टीलच्या डबीकडं हात नेला. बडीशेप असावी असं वाटलं. काकांनी तिच्यावर तळवा ठेवला. "ते खायचं नाय," म्हणाले.

मग एका दुपारी काका आमच्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला, हातात ती डबी. पानावर सूचना आली होती की आता प्लग-इनची गरज नाही, ब्राउझर स्वतःच व्हिडिओ दाखवेल आणि जुने प्लेअर बंद. काकांचे तीनही ब्राउझर इतके जुने, की त्यांत नुसता काळा चौकोन येत होता.

"मध्यस्थच काढून टाकले," काका म्हणाले. "मग लग्न गेलं का रे?"

"जातंय कुठं? वृंदाला सांगा, ती पाठवील."

"तिला नाय सांगता येत." एवढंच बोलून ते सोफ्यावर बसले.

मी माझ्या फोनवर ते पान उघडलं. एका टिचकीत लग्न सुरू झालं. पंखा ओरडला नाही, चक्र फिरलं नाही. मीनानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मावशीनं पदर सावरला. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"थांबव."

मी थांबवलं. 

"त्या दिवशी हितंच अडकलं," काका म्हणाले. "चक्र फिरायला लागलं. शैला खाटेवर, अक्षता मुठीत धरून. तिला तिथनं नीट दिसत नव्हतं. चित्र आलं तेव्हा दोघांच्या गळ्यात हार. तिनं विचारलं, पडल्या का अक्षता? मी म्हणलं, पडल्या. तिनं मूठ उघडली. म्हणली, मग ह्या माझ्या हातात कशा राहिल्या?"

त्यांनी डबी उघडली. आत तांदूळ होते. कुंकू उडून फिकट गुलाबी झालेले.

"म्हणली, राहू द्या. एकदा न अडकता लागू द्या, मग दोघं मिळून टाकू. वृंदाला फोनवर सांगितलं, सगळं झक्क दिसलं म्हणून. मी प्लेअर शोधत राहिलो. हा लावून बघ, तो लावून बघ. आणि ती गेली. मग ह्याच्या पुढं जायला मन होईना. ती नसताना मी एकट्यानं कसं बघू?"

एवढे रविवार मी त्या घरात हात वर करून बसलो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्या क्षणी ते म्हातारं माणूस फार जवळचं वाटलं.

"आता चालेल न अडकता," मी म्हणालो. "बघू या का?"

 काकांनी अर्ध्या अक्षता स्वतःच्या मुठीत घेतल्या आणि डबी मीनापुढं धरली. "ह्या तू घे. काकूच्या." पदर नव्हता म्हणून मीनानं आधी डोक्यावर ओढणी घेतली आणि मग हात पुढं केला. डबी रिकामी झाली.

मी व्हिडिओ सुरू केला. श्लोक संपत आला. मी चक्राची वाट बघत होतो, इतक्या वर्षांची सवय. ते आलं नाही. "सावधान" ऐकू आलं आणि दोघांनी अक्षता टाकल्या. काही दाणे फोनच्या काचेवर पडले, काही तांब्यात. काचेवरच्या दाण्यांखाली वृंदानं मान वाकवली आणि हार घालून घेतला.

काकांनी सवयीनं घड्याळ वर धरलं होतं. ते त्यांनी खाली घेतलं. पळं मोजली नाहीत. शेजारची जागा रिकामी होती, तिकडं थोडं वळून हळूच म्हणाले, "पडल्या गं."