रुसून निघालेली सून

लेकीचे पी.टी.चे पांढरे बूट अनिताला बरोब्बर बसले आणि तिथूनच सगळ्या घोळाला सुरुवात झाली. ते जरा घट्ट झाले असते तर ती मुकाट्याने परत चुलीपुढे गेली असती आणि चाकण-राजगुरुनगर रस्त्यावर त्या सकाळी जे झालं ते झालं नसतं.

महिन्याभरापूर्वी ती पिंपळे सौदागरला चुलतबहीण प्राजक्ताकडे गेली होती. परतताना भोसरीला बस सुटताना दिसली म्हणून धावली, आणि बसच्या मागच्या चाकापर्यंत पोचेस्तोवर तिचा दम संपला. बस गेली. शाळेत असताना हीच अनिता खो-खोत तालुक्याच्या संघात होती; हिला बाद करताना समोरच्या पोरी रडकुंडीला यायच्या. छाती धरून थांब्यावर उभी असताना तिला स्वतःचाच भयंकर राग आला. त्याच रागात तिने ठरवून टाकलं, की रोज सकाळचा एक तास आपला. पोरांचा नाही, डब्यांचा नाही, म्हशीचा तर नाहीच नाही.

घरी विचारलं, तर नवरा नवनाथ म्हणाला, "घरात काय कमी चालतेस का?" सासूबाई तानाबाई म्हणाल्या, "दारात दोन गाड्या आसताना सून रस्त्यानं पायी फिरली, तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

तानाबाईंचं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या गावात ओळखीच्या बाईला पायी जाऊ देणं म्हणजे तिच्या अख्ख्या घराचा अपमान. दिसली की गाडी थांबवायची, बसवायची आणि दारात नेऊन सोडायची. कंपन्या आल्या, घरोघरी मोटरसायकली आल्या, तसं पायी चालणं हे घरात भांडून निघालेल्या माणसाचंच लक्षण उरलं होतं.

अनिताने मग विचारणंच सोडलं. नवनाथ रात्रपाळीला, मुलं झोपलेली आणि सासूबाई गोठ्यात असताना ती निघाली. रिकाम्या हाताने बाई दिसली की लोक चौकशा करतात, म्हणून बाईंनी शहाणपणा करून हातात कापडी पिशवी घेतली. आत पाण्याची बाटली आणि टॉवेल. रस्ता धरला राजगुरुनगरचा, कारण त्या बाजूला कंटेनर जरा कमी. राजगुरुनगरला आपलं माहेर आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

पहिला भेटला चिमाजी. हा नवनाथचा चुलतभाऊ, दुधाच्या किटल्या लावून डेअरीला निघालेला.

"वहिनी, कुठं निघाल्या? बसा, सोडतो."

"नको भावजी, चालतच जायचंय."

"चालत?" चिमाजीने बूट बघितले, पिशवी बघितली, मग रस्ता कुठे जातो ते बघितलं. "घरी म्हाईत हाय का?"

"विचारून झालं. ऐकत नाहीत. आता मी माझं ठरवलंय."

"आन् पोरं?"

"त्यांच्याकडं बघू दे की बापाला."

चिमाजी वाईट माणूस नव्हे, घाबरट आहे. दूध तसंच घेऊन तो माघारी फिरला, गोठ्यात जाऊन म्हणाला, "काकी, वहिनी पोरं टाकून माहेरी निघाल्या," आणि कुणी सांगायच्या आत त्याने राजगुरुनगरला अनिताच्या भावाला, गोरक्षला, फोनही लावला. गोरक्ष दात घासत होता. चूळ भरली आणि तसाच मोटरसायकलवर बसला.

इकडे अनिता मजेत चालली होती. एक रिक्षा थांबली, एक ट्रॅक्टर थांबला, शाळेचे शिपाईमामा थांबले. चालण्याने नव्हे, "नको, नको" म्हणून म्हणूनच तिला धाप लागायची वेळ आली.

तेवढ्यात समोरून कंपनीची बस आली. रात्रपाळी संपवून नवनाथ खिडकीला डोकं टेकून घोरत होता. शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

"नवनाथ, ऊठ राव. वहिनी पिशवी घेऊन चालल्यात."

बस थांबवून नवनाथ खाली उतरला आणि पळत सुटला. पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट. मागून धाड धाड आवाज आला, तसं अनिताला वाटलं कुणी दारुडा मागे लागला. मागे न बघता तिने पिशवी काखोटीला मारली आणि ठोकली धूम. आणि पळता पळता तिच्या लक्षात आलं, की पाय काही विसरलेले नाहीत. मागे दारुडा असताना एवढा आनंद व्हावा, याचं तिला नवलच वाटलं. नवनाथ जीव तोडून "थांब, थांब" ओरडत होता, पण ट्रकांच्या आवाजात ऐकतो कोण.

नेमका समोरून गोरक्ष आला. त्याला दिसली धावणारी बहीण आणि तिच्या पाठी लागलेला दाजी. मोटरसायकल कडेला लावून त्याने नवनाथची कॉलर धरली.

"हात उचलला काय तिच्यावर?"

नवनाथला उत्तर द्यायला श्वासच नव्हता. तो नुसताच गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

"सोड त्यांना," अनिता म्हणाली. "मी फिरायला निघालेय."

"ताई, माझ्यापासून झाकू नको," गोरक्ष कॉलर न सोडता म्हणाला.

घरी आले तर ओट्यावर भावकी बसलेली. मधोमध गेनूआबा, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. तानाबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

"परवा भाजी खारट झाली तवा बोलले मी तिला," त्या म्हणाल्या. "तेवढंच मनाला लागलं आसंल."

"आई, चूक माझी हाय," नवनाथला आता कुठे बोलता येत होतं. "मी तिचा वाढदिवस विसरलो."

वाढदिवस तर अनिताही विसरली होती. भांडण झालंच नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात गेनूआबा म्हणाले, "पोरी, तुझं काय म्हणणं हाय त्ये सांग. आमी समद्यांदेखत मिटवून देतो."

अनिताने तोंड मिटलं. महिनाभर ती स्वयंपाकघरातून एकच गोष्ट सांगत होती, तेव्हा ताटातून मान वर करून कुणी बघितलं नव्हतं. आणि आज अख्खी भावकी कान टवकारून बसली होती.

"रोज सकाळी एक तास मला पाहिजे," ती म्हणाली. "मी चालणार, पळणार. तेवढ्या वेळात चहा, डबे घरातल्यांनी बघायचे. आणि रस्त्यात कुणी मला गाडीवर बसा म्हणायचं नाही." शेवटचं चिमाजीकडे बघून.

शेती वेगळी मागेल, घर वेगळं मागेल, अशा तयारीने मंडळी आली होती.

"येवढंच?" आबांनी विचारलं.

"एवढंच."

"नवनाथ, कबूल हाय का?"

"कबूल," नवनाथ म्हणाला. गोरक्षने त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. चहा झाला, आणि कधी झालंच नव्हतं ते भांडण एकदाचं मिटलं. तानाबाई मात्र सुनेच्या पायातले बूट बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अनिता निघाली, तर दारात सासूबाई उभ्या. नऊवारीचा ओचा वर खोचलेला, पायात नवनाथचे जुने कंपनीचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले, आणि हातात कापडी पिशवी.

"आत्याबाई, तुम्ही कुठं?"

"मी रुसलेय," तानाबाई म्हणाल्या.

"कुणावर?"

"त्ये मागनं ठरवू. आदी चल, चिमाजी दूध घिऊन निघायच्या आत."