पाठ वाघाकडे

वनरक्षक प्रफुल खात्याचं पत्र घेऊन आला तेव्हा धुरपताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"पाटीलबाई, मंगळवारी चार वाजता आपल्या गावात सराव हाय."

"कशाचा?"

"वाघाचा."

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "वाघ येणार हाय?"

"वाघ नाई येत जी. वाघ आल्यावर जे लोकं येतात, त्यायचा सराव."

बाईंनी शेंग सोलली आणि दाणे सुपात टाकले. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण आत जरा खट्टू झाल्याच.

धुरपताबाई चिचटोल्याच्या पोलीस पाटील. माहेर जंगलात, सासर जंगलात, एकावन्न वर्षं जंगलातच गेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी वाघ पाहिला नव्हता. गावात दुसरं असं कोणी नव्हतं. नवरा बुधूभाऊ, त्यांनी अकरा वेळा पाहिला होता. सून मोनाली भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली. लग्न होऊन आली आणि तिसऱ्याच दिवशी एसटीच्या खिडकीतून तिला वाघ दिसला. बाईंसाठी मात्र वाघ म्हणजे उंबराचं फूल झालं होतं. आणि याला त्यांचं पदच कारण होतं. कुठे वाघ निघाला की फोन यायचा, "पाटीलबाई, लोकायले आवरा." बाई काठी आणि शिट्टी घेऊन धावायच्या, शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून लोकांना मागे लोटायच्या, आणि शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत वाघही घरी गेलेला असायचा. ज्यांना अडवलं ते सगळे पाहून जात. अडवणारी तेवढी राहून जाई.

ही हौस त्या उघड बोलून दाखवत नसत. पोलीस पाटलानेच वाघ पाहायला मान उंचवायची, तर गावाने झाडावरच चढायचं! मागच्या वर्षी पलीकडच्या गावात तसंच झालं होतं. लोकांनी वाघाला असं घेरलं की बिचाऱ्याला पळायला वाट उरली नाही, आणि वाट काढता काढता तो एकाचा खांदा फाडून गेला. म्हणून बाई लोकांना अडवत, आणि मग घरी येऊन ज्यांना अडवलं त्यांनाच हळूच विचारत. चालताना मान वर असते की खाली? शेपूट जमिनीला लागते का? आणि कानामागे पांढरा ठिपका असतो म्हणतात, तो खरा का? दर माणूस वेगळं सांगे. ठिपक्याचं तर कोणालाच सांगता येत नव्हतं.

मंगळवारी तीन वाजता भद्रावतीहून जहीरभाऊ आपल्या छोट्या टेम्पोतून आला. त्याचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. शंभर हात दोर, दोन भोंगे, आणि खास मागणीवरून एक वाघ त्याने आणला होता. वाघ म्हणजे डबलबेडचं मऊ ब्लँकेट, त्यावर जबडा उघडलेला हा मोठा वाघ.

"घरचाच हाय," जहीर म्हणाला. "घरवाली हाजरा देत नव्हती. म्हने, वाघाले माती लागली तर तूच धुवायचा."

रस्त्याकडेच्या देवरावच्या शेतात, तुरीत एक खाट उभी करून तिच्यावर ब्लँकेट टाकलं. बाईंनी जवळ जाऊन ते नीट न्याहाळलं, मग वाकून कडेनेही पाहिलं.

"जहीरभाऊ, याच्या कानामागं काई दिसत नाई."

"सामनेसे फोटो काढला बाई, मागचं कसं दिसन?"

प्रफुलने रस्त्याच्या कडेने दोर बांधला आणि बाईंना समजावून सांगितलं. "ध्यान द्या. दोरापाशी जो उभा राहते, त्याची पाठ वाघाकडं, तोंड लोकायकडं. काऊन? वाघ काय करणार हे वाघाले मालूम असते. लोकं काय करणार हे लोकायलेही मालूम नसते."

"आन मागं वळून पाह्यलं तर?"

"मंग झालं! तुमी वळल्या का समदे तिकडंच पाहातात. मागचा पुढं लोटते, पुढचा पळते. काईही झालं तरी वळाचं नाई."

चार वाजले. सव्वाचार झाले. दोरापाशी दोन म्हाताऱ्या, एक कुत्रं आणि बुधूभाऊ एवढाच जमाव जमला. सगळ्या गावाला ठाऊक होतं की तुरीत ब्लँकेट आहे. ब्लँकेट पाहायला कापूस वेचणं कोण सोडतं? प्रफुल घामाघूम झाला. गर्दीच नाही तर आवरायचं कोणाला, आणि वर अहवालात लिहायचं काय?

त्याने भोंग्यावरून विनंती केली. "समस्त गावकऱ्यांनी सरावाला उपस्थित राहावं." एक म्हातारी उठून घरी गेली.

"सर, थोडा हटा," जहीर म्हणाला. वीस वर्षं लग्नं, सभा, कव्वाल्या वाजवून त्याला माणसाची पारख झालेली होती. त्याने माईक तोंडाशी धरला आणि आवाज खाली आणून अगदी गंभीरपणे बोलला, "सर्वांना सूचना. देवरावच्या वावराकडे कोणीही येऊ नये. तिथी काहीही नाई. पुन्हा सांगतो, काहीही नाई. बाया-पोरांनी तर बिलकुल येऊ नये."

दहा मिनिटांत रस्ता भरला. वेचलेल्या कापसाने भरलेले ओटे पोटाशी तसेच बांधलेल्या बाया आल्या, हातातला पत्ता न टाकता चार जण आले, आणि मोनाली चुलीवरचं दूध शेजारणीवर सोपवून आली, तर तिच्या मागून शेजारीणही आली. भोंगे चांगले खणखणीत होते. शेजारच्या दोन गावांनीही "काहीही नाई" ऐकलं आणि ती मोटारसायकलींवर बसून निघाली. पावणेपाचची एसटी आली, ती गर्दीत अडकून थांबली. आधी प्रवासी उतरले, मग कंडक्टर, आणि शेवटी ड्रायव्हरही.

"दिसला, दिसला! त्या तुरीत पट्टे दिसून राह्यले!"

"हा मोठा नर हाय," बुधूभाऊ म्हणाले. दुपारी खाट उभी करायला त्यांनीच हात लावला होता, पण एवढ्या लोकांना पाहून त्यांचाही विश्वास बसू लागला होता.

प्रफुलने भोंग्यावरून ओरडून सांगितलं, "ते ब्लँकेट हाय! खरा वाघ नाई!"

"असंच सांगतात खात्यावाले," कंडक्टर म्हणाला. "वाघाले ब्लँकेट म्हणाची वेळ आली म्हणजे किती मोठा असन!"

शेवटी प्रफुल तरातरा तुरीत शिरला. एसटीतल्या एका बाईने डोळ्यांवर पदर घेतला. प्रफुलने वाघाला दोन्ही कानांना धरून खाली ओढलं, झटकलं, घडी घातली आणि काखेत मारून परत आला. आता तरी लोक घरी जातील असं त्याला वाटलं. पण लोक त्याच्याहून हुशार.

"नकली इथी लावला," देवराव विचार करून म्हणाला, "मंग असली कुठी लपवला?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. नकली आहे म्हणजे असली असणारच, त्याशिवाय एवढा खर्च सरकार कशाला करेल? मागचे पुढे सरकू लागले. दोर ताणला. बांबू कलला. आता सरावाचा सराव राहिला नव्हता, खरीखुरी गर्दी चालून येत होती. धुरपताबाईंनी पदर खोचला, दोराच्या आत उभ्या राहून दोन्ही हात पसरले आणि एकेकाला नावानिशी घेतलं.

"देवराव, मागं हो! वावर तुहं असन, रस्ता तुहा नाई. ए मोनाली, दूध उतू गेलं न व? ड्रायव्हरभाऊ, तुमची गाडी कोण पाहून राह्यलं? मागं सरा! एक पाऊल मागं!"

आणि लोक थांबले.

असे थांबले की बाईंनाच नवल वाटलं. तीनशे माणसं, पण खोकला नाही की कुजबुज नाही. उघडी तोंडं उघडीच राहिली. इतक्या वर्षांत आपला आवाज असा कधी चालला नव्हता, या विचाराने बाईंची छाती भरून आली. मग त्यांनी पाहिलं की कोणीच त्यांच्याकडे पाहत नाही. सगळे डोळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे लागलेले. बुधूभाऊंनी हात जोडले होते.

बाईंच्या मानेवर काटा आला. शेताच्या दोन तुकड्यांपलीकडच्या दाट तुरीत कोणीतरी सकाळपासून गार सावलीत झोपलेलं होतं, आणि जहीरच्या भोंग्यांनी त्याची झोप मोडली होती.

वाघ त्यांच्या मागे होता. एकावन्न वर्षं वाट पाहिली, तो आता हाकेच्या अंतरावर उभा होता. नुसती मान वळवायची, एवढंच काम. मान वळायला निघालीसुद्धा. पण समोर कंडक्टर एक पाय मागे घेऊन पळायच्या बेतात होता, त्याच्यामागे कडेवर लेकरू घेतलेली बाई होती, आणि सगळ्यांची नजर क्षणाक्षणाने बाईंच्या चेहऱ्यावर येऊन जात होती. बाई काय करतात, तेच ते करणार होते. बाईंनी मान जागच्या जागी आवळली. हात तसेच पसरलेले ठेवले. त्यांना वाघाची भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त राग आला.

"अवो," त्या ओठ न हलवता नवऱ्याला म्हणाल्या, "किती दूर हाय?"

"चाळीसेक पावलं."

"काय करून राह्यला?"

"उभा हाय. पाहून राह्यला."

"कोणाले?"

"तुह्या पाठीले."

"कान कसे हायेत?"

"अवं, कान काय विचारतं? हलू नको!"

"तुमाले दिसते न? मंग सांगा न!"

बुधूभाऊंनी मान उंचावली. मग त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आता वळला... नाल्याकडं चालला. हाय वं. दोन्ही कानामागं पांढरा ठिपका हाय. रुपयाएवढा."

पलीकडे तूर सळसळली, आणि मग तेही थांबलं. प्रफुलने हात वर केला तेव्हा बाईंनी मान वळवली. तुरीचे शेंडे अजून डोलत होते. शेंडे मात्र त्यांना अगदी स्पष्ट दिसले.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कोणी म्हणे बैलाएवढा, कोणी म्हणे त्याच्याहून मोठा. आणि एकही माणूस पळाला नव्हता, एकानेही दगड उचलला नव्हता. फोटोसुद्धा कोणाला सुचला नाही. प्रफुल म्हणाला, "पाटीलबाई, शंभर टक्के सराव झाला!" आणि पाहतो तर बाई पदराने डोळे पुसत होत्या. घाबरल्या असतील, असं समजून त्याने पाणी आणवलं. बाई पाणी प्याल्या. काय सांगणार? तीनशे लोकांनी वाघ पाहिला आणि वाघाने बाईंना पाहिलं, हिशोबात तेवढ्या बाईच कमी पडल्या.

पंधरा दिवसांनी प्रफुल पुन्हा पत्र घेऊन आला, या वेळी पेढे घेऊन.

"मोठे साहेब लय खूश हायेत. म्हणतात, मागं न वळणारा माणूस पयल्यांदा भेटला. बत्तीस गावांची गर्दी आता तुमच्याकडं. वाघ कुठीही निघू द्या, तुमाले न्याले गाडी येणार."

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे मले वाघापाशी नेणार?"

"एकदम पाशी जी! समद्यायच्या पुढं तुमी."

"आन तोंड कुठीकडं?"

प्रफुल जरा अडखळला. "लोकायकडं."

बाईंनी पत्र हातात घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. पाठ वाघाकडे. तोंड लोकांकडे. मान वळवू नये. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डोळ्याचं काई लिवलं नाई न याच्यात?"

"नाई. काऊन?"

"असंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.

पुढच्या बाजाराला त्या एकट्याच एसटीने भद्रावतीला गेल्या. अंजुमच्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात त्यांनी सगळे आरसे काढायला लावले. चौकटीचे नको म्हणाल्या, लटकवायचेही नको. तळहातात मावेल असा एक छोटा गोल आरसा निवडला, दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात पसरून, मान न हलवता, आरसा इकडून तिकडे फिरवून पाहिला. मागून एक म्हैस जात होती. तिचे शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळे अवयव त्यांनी तपासून घेतले.

"अंजुमबाई, याच्यात मागचं समदं साफ दिसते."

"बाई," अंजुम म्हणाली, "लोकं पुढचं पाहाले नेतात."