बोटभर सूटकेस

डेल्फिनाचं पोट सकाळपासून दुखत होतं आणि त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे काल वर्गावरून येताना रस्त्यात उभ्यानं हाणलेले तळलेले बटाटे आणि सॉसेज. दुसरं कारण समोरच बसून किन्वाची पेज पीत होतं. त्याचं नाव मागाली.

"पोट, पाय आणि डोकं," मागाली पेजेचा वाडगा खाली ठेवत म्हणाली. "एवढं सांभाळलं ना की विद्यार्थ्याला काही कमी पडत नाही बघ. पोटाला साधं अन्न, पायाला प्रवास आणि डोक्याला शांती."

"ऐकलंस?" घरमालकीण दोन्या गुमेरसिंदा चुलीपाशी होती, तिनं तिथूनच डाव हलवला. "शीक हिच्याकडून!"

हे 'शीक हिच्याकडून' डेल्फिना दोन वर्षं ऐकत होती. दोघी दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला, एकाच खोलीत राहणाऱ्या. मागाली कोचाबाम्बाची. त्या गावात माणसं सकाळी खायला बसली की संध्याकाळी उठतात, आणि ही बया पेज आणि पपईवर तुकतुकीत! शुक्रवार आला की पाठीला पिशवी लावायची आणि मिळेल त्या बसनं कधी कोरोइको, कधी कोपाकबाना. सोमवारी परत येऊन परीक्षेत गुणही चांगले. परीक्षेच्या आदल्या रात्री ती चक्क झोपायची, आणि वर मंद घोरायचीसुद्धा. डेल्फिना तेव्हा पलीकडच्या खाटेवर माणसाचे दात मोजत पडलेली असायची आणि ते दर वेळी तेहतीस भरायचे.

पण खरा सल वेगळाच होता. मागालीच्या उशाशी भिंतीवर एक फोटो होता. सात वर्षांची मागाली, गुडघाभर पाण्यात, आणि मागे नुसता समुद्रच समुद्र. डेल्फिनानं समुद्र पाहिलाच नव्हता. देशाला किनाराच नाही; ओरुरोत जन्मलेल्या माणसाला समुद्र दिसतो तो शाळेच्या नकाशात, आणि तोही शेजाऱ्यांच्या देशात. रोज उठल्या उठल्या त्या फोटोवर नजर पडली की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि या आठवड्यात नेमकं समुद्राचंच बोलावणं आलं होतं. चिलीतल्या इकीके गावी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचं दहा दिवसांचं शिबिर होतं, अगदी किनाऱ्यावर. कॉलेजातून एकच जण जाणार होता. उर्किदी सरांनी दोघींना बोलावून सांगितलं, "तुमचे गुण सारखे आहेत. सोमवारपर्यंत आपसात ठरवा, नाहीतर मी चिठ्ठी काढीन."

"जत्रा होऊ दे, मग बोलू," मागाली म्हणाली आणि गोड हसली. ते हसू डेल्फिनाच्या डोक्यात गेलं.

जत्रा अलासितासची, आजची, चोवीस जानेवारीची. वर्षभरात जे हवं ते बोटाएवढं विकत घ्यायचं, भर बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, म्हणजे मंत्रतंत्र जाणणाऱ्या म्हातारीकडून, त्याला धुरी द्यायची आणि घरी फळीवर ठेवायचं. वर्षाच्या आत ते खऱ्या मापाचं होऊन दारात येतं. घर हवं त्यानं घर घ्यावं, नवरा हवा तिनं कोंबडा.

"पण कोंबडा कुणीतरी दिलेला हवा हं," निघताना दोन्यानं बजावलं. "स्वतः घेतलेला नुसताच आरवतो."

"आम्हाला नकोच कोंबडा," डेल्फिना म्हणाली. तिला सूटकेस हवी होती.

जत्रेत दोघींनी एकाच दुकानातून सूटकेस घेतल्या. बोटाएवढ्या, तपकिरी, सोनेरी कडीच्या, आत नखाएवढा कोरा पासपोर्ट. आपल्या पासपोर्टवर डेल्फिनानं तिथल्या तिथे स्वतःचं नाव ठसठशीत लिहून खाली रेघ मारली. मागालीनंही पेन मागून घेतलं आणि हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. 'एवढं फिरून झालं तरी हिला अजून सूटकेस हवीच,' डेल्फिनाला वाटलं. 'आता काय चंद्रावर जायचंय?'

बाराला वीस मिनिटं होती. सकाळी पोटदुखीपायी डेल्फिनानं काही खाल्लं नव्हतं आणि समोरच्या गाडीवर डुकराच्या भाजलेल्या मांसाचे तुकडे पावात भरत होते. वरून लोणच्यातला कांदा. वास असा की मेलेला उठून रांगेत उभा राहावा.

"घरून खाऊन निघ म्हटलं होतं ना मी?" मागाली म्हणाली. "आता नको थांबूस, बारा वाजतील."

"दोन मिनिटं गं. तू हो पुढे."

रांग दोन मिनिटांची नव्हती. डेल्फिनानं पावाचा पहिला घास घेतला आणि चर्चची घंटा वाजली. सगळी जत्रा एकदम ओरडली, हजारो हात आपापली घरं, मोटारी, पैशांच्या गड्ड्या घेऊन वर गेले. त्यात मागालीचा हात सर्वांत पुढे, यातिरीच्या धुराच्या अगदी तोंडाशी. डेल्फिनाच्या एका हातात पाव, दुसऱ्या हातावर कांद्याचा रस, आणि सूटकेस खिशात.

तोंड पुसत ती पोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते.

"उशीर केलास पोरी," यातिरी म्हणाली. "आता धूर तेवढा मिळेल." तिनं धूर तेवढा दिला, फुलांच्या पाकळ्या टाकल्या आणि मागालीच्या सूटकेसला बांधला होता तसाच लाल लोकरीचा धागा हिच्याही सूटकेसला बांधला. "इच्छा पुरी होईतो दुसऱ्याच्या हातानं गाठ सोडायची नाही. आशीर्वाद उडून जातो."

म्हणजे मागालीच्या फळीवर बाराच्या ठोक्याची सूटकेस आणि डेल्फिनाच्या फळीवर नुसता धूर. सोमवारी चिठ्ठी निघणार ती कोणाची, हे सांगायला काय ज्योतिषी हवा? रविवारी सकाळी मागाली नेहमीप्रमाणे श्वास आत-बाहेर करायला गच्चीवर गेली आणि डेल्फिनाला राहवेना. दोन्ही सूटकेस दिसायला एकसारख्या. इकडची तिकडे केली तर कोणाच्या बापाला कळणार होतं?

डेल्फिना चोरी करत होती, पण काम चोख. मागालीनं कधी उघडून बघितलंच तर आत डेल्फिनाचं नाव सापडून चालणार नव्हतं. तिनं आधी स्वतःच्या सूटकेसचा धागा सोडला. तिच्यात आशीर्वाद नव्हताच, उडणार काय? मेणाचे दात कोरायच्या सुरीनं पासपोर्टवरचं नाव खरवडलं आणि त्यावर मागालीसारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत लिहिलं, 'मागाली'. खरवडलेल्या कागदावर अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. टाके घालायच्या तासाला तिला कधीच न जमलेली गाठ आज पहिल्या झटक्यात जमली. मग ती सूटकेस मागालीच्या फळीवर आणि मागालीची स्वतःच्या फळीवर. मागालीच्या सूटकेसला तिनं हातही लावला नाही, म्हणजे गाठीला. आत मागालीचं नाव असणार हे तिला ठाऊक होतं. पण देव फळी बघतो, आत कशाला डोकावेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

"काय चाललंय गं मागालीच्या फळीशी?" दारात दोन्या.

"धूळ! धूळ पुसतेय."

दोन्यानं दाराची चौकट धरली. "तू? धूळ?" मग तिचे डोळे भरून आले. "आली गं बाई अक्कल! हे घे फडकं. बैठकीची खोली राहिलीये, जिना राहिलाय, आणि त्या एकेकोला नीट पूस, त्याच्या मिशीत वर्षाची जळमटं आहेत."

दोन तास डेल्फिना फडकं मारत होती. बैठकीतला एकेको, जत्रेचा तो भरभराटीचा गुटगुटीत देव, पाठीवर साखरेची पोती आणि हातात नोटा घेऊन तिच्याकडे बघून हसत होता. मागाली गच्चीवरून उतरली आणि हिला बघून तिनंही फडकं घेतलं. वर स्वतःची अर्धी पपई हिला दिली. डेल्फिनाला ती पपई गिळवेना. बाईनं थोडं तरी वाईट असावं ना! एखादी शिवी, एखादी चुगली. म्हणजे माणसाला सुखानं जळता तरी येतं.

जेवायला तिघी बसल्या. शेंगदाण्याचं सूप संपलं आणि मागाली उठून खोलीत गेली. परत आली ती हातात सूटकेस घेऊन. डेल्फिनाचा चमचा ताटात पडला. 'मेले. कळलं हिला.'

"हे तुझं," मागाली म्हणाली आणि सूटकेस डेल्फिनापुढे ठेवली.

"म्... माझं?"

"अगं, कोंबड्याचं तसंच सूटकेसचं. दुसऱ्यानं दिलेली लागते. म्हणून मी तुझ्यासाठी घेतली, बाराच्या ठोक्याला धुरी देऊन आणली. तू रांगेत होतीस ना, म्हटलं, बरंच झालं, हिला कळायचं नाही. आत तुझं नाव लिहिलंय. आणि ऐक, उद्या मी सरांना सांगणार आहे, डेल्फिना जाईल. मी समुद्र पाहिलाय. दोन वर्षं तू माझ्या त्या फोटोकडे कशी बघतेस, मला काय दिसत नाही?"

डेल्फिनानं सूटकेस दोन्ही हातांनी धरली. समुद्र! तिचा समुद्र! आणि समुद्राच्या आणि तिच्या मधे नखाएवढा एक पासपोर्ट.

"उघड ना, नाव बघ," मागाली म्हणाली.

"नको! गाठ! आशीर्वाद उडतो!"

"दुसऱ्यानं सोडली तर," दोन्या म्हणाली. "तुझी आहे ना? सोड की. बरं, मीच कापते, तू धर. तू धरलंयस म्हणजे तूच सोडलीस." आणि डेल्फिना नाही नाही म्हणेपर्यंत दोन्यानं पाव कापायच्या सुरीनं धागा तोडला, सूटकेस उघडली आणि डोळ्यांशी पासपोर्ट धरला.

"मा... गा... ली."

दोन्यानं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

"असं कसं?" मागालीचा चेहरा उतरला. "मी माझ्या हातानं डेल्फिना लिहिलंय! आणि हे माझं अक्षर नाही."

"बरोबर. त्याचं आहे," दोन्यानं बैठकीतल्या एकेकोकडे बोट दाखवलं. "बघ ना, कसं वेडंवाकडं. देव काय शाळेत गेलाय? साठ वर्षं जत्रा बघतेय मी, पण त्यानं स्वतः नाव बदललेलं आजच बघितलं!" ती तशीच उठली आणि नैवेद्य म्हणून त्याच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली.

"दोन्या, शाई... शाई ओली असेल, पसरली असेल," डेल्फिना पुटपुटली.

"शाई पसरून मागाली होते होय? आणि माणसाची करणी म्हणावी, तर यातिरीनं बांधलेल्या गाठीला हात लावायची कोणाची छाती आहे? लावले असते तर हात झडले असते त्याचे."

डेल्फिनानं हात टेबलाखाली घेतले.

सांगून टाकावं, तिला वाटलं. एक वाक्य, आणि समुद्र आपला. पण ते वाक्य कसं सुरू करायचं? 'मागाली, तू मला जे देणार होतीस तेच मी तुझं चोरलं'? लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं तोंड उघडलं, मागालीकडे बघितलं, आणि मिटलं.

"मी नाही जाणार," मागाली म्हणाली. "नाव काही का असेना. तूच जा, डेल्फिना."

"देवाचा शब्द मोडतेस?" दोन्या कडाडली. "रस्त्यात बस उलटली म्हणजे?"

आता दोघीही डेल्फिनाकडे बघत होत्या.

"तूच जा, मागाली," ती म्हणाली. "मला काही वाटणार नाही."

दोन्या मागालीकडे वळली. "बघितलंस? हातातोंडाशी आलेला समुद्र गेला, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती तरी आहे का? याला म्हणतात डोक्याची शांती. मागाली, शीक! शीक हिच्याकडून!"

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी डेल्फिनाचा जीव तळमळत होता ते वाक्य हे असं आलं. ती उठली, "पोट दुखतंय," म्हणाली, आणि तेही खरंच होतं. खोलीत जाऊन तिनं स्वतःच्या फळीवरची सूटकेस उघडली. पासपोर्टवर मागालीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'डेल्फिना', आणि खाली निळ्या शाईत दोन इवल्याशा लाटा काढल्या होत्या.

शुक्रवारी ती मागालीला बसवर सोडायला गेली. मागालीनं पेजेचा डबा घेतला होता, पण झाकण उघडलं नव्हतं.

"माझा घास उतरत नाहीये दोन दिवस," ती म्हणाली. "झोपही नाही. सारखं वाटतं, तुझं काहीतरी घेऊन चाललेय मी. आणि तू बघ! एका शब्दानं कुरकुर नाही. पोट, पाय, डोकं म्हणून मी तुला एवढं शिकवत बसले, आणि खरं सांगू का डेल्फिना? मला तुझा हेवा वाटतो गं."

"माझा?"

"तुझाच. असं निर्मळ मन पाहिजे माणसाला." तिनं डेल्फिनाला घट्ट मिठी मारली. "काय आणू तुला तिकडून?"

डेल्फिनाच्या खिशात दुसरी सूटकेस होती, लाटांची. मुठीत धरून धरून तिची कडी तळव्यात रुतली होती. आता काढली असती तर अजूनही वेळ होता, चालकानं बस सुरूसुद्धा केली नव्हती.

"मागाली," ती म्हणाली.

"काय गं?"

"डबा खा. उपाशी प्रवास करू नये."

बस गेली. डेल्फिना बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग समोरच्या गाडीवर जाऊन तिनं डुकराच्या मांसाचा पाव मागितला, कांदा जास्त घालून. पहिला घास घेतला आणि पोट दुखायला लागलं. या वेळी त्याला एकच कारण होतं, आणि ते खिशात होतं.