नागूबाईंची तीन कलमे आणि आमची एक ओळ

श्री. वारा वाहतो, ऊन तापते, भरती येते, या तिहींस आधी दंडवत, कारण त्यांस कोणाची मसलत लागत नाही आणि कोणाचा हेवाही वाटत नाही. त्याउपरी राज्याभिषेक शक सत्तावीस, प्लवंग नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीपासून समुद्रकाठच्या एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव विचारू नये, लिहिणाराचे तर मुळीच विचारू नये.

पश्चिमेस दर्या, दक्षिणेस खाडी, मध्ये राजधानी ऐसा तो मुलूख. महाराजांची सभा चाळीस असामींची आणि त्या सभेत आम्ही एकोणीस वर्षे बसलो. एकोणीस वर्षांत प्रधान चार जाहले, गाद्यांच्या खोळी सात वेळा बदलल्या, आणि आमच्या नावाचा कायदा एकही जाहला नाही. या राज्याची चाल ऐसी की जो कायदा मांडील त्याचे नाव कायद्यास लागावे, आणि कायदा फळास आला म्हणजे शिळेवर कोरून ती शिळा बंदरावर उभी करावी, आणि गलबतावरून उतरेल त्याने प्रथम तीच वाचावी. बंदरावर अकरा शिळा उभ्या आहेत. त्यांत एक तर निव्वळ म्हशी कोठे बांधाव्या याविषयी आहे, आणि ती ज्याच्या नावाची आहे त्यास स्वतःचे धोतर नीट नेसता येत नव्हते. पण शिळा आहे. आमची नाही. हे दुःख कोणास सांगावे?

मग त्या वर्षी खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून नागूबाई तांडेल म्हणोन एक बाई निवडून सभेत आल्या. वय पस्तिशीचे, पदर खोचलेला, आणि आवाज बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारीचा. नवा सभासद आला म्हणजे महाराजांनी त्यास विचारावे की, तुम्ही सभेत येऊन आधी कोणते काम धरणार, ऐसा रिवाज. आम्हांस विचारिले तेव्हा आम्ही सव्वीस गोष्टी सांगितल्या होत्या, आणि अकरावीपाशी महाराजांचा डोळा लागला. नागूबाई उठल्या, मुजरा केला आणि बोलिल्या, "महाराज, आधी दर्या. मासा वितो ते दोन महिने खाडीत जाळे पडू नये. मग धूर. राजवाड्याची आणि बंदराची कोळशाची धुरांडी विझवावी, वारा आणि ऊन आपल्या दारी फुकट येते, त्यावर दिवे लावावे. मग तिवरे. उन्हाळा दरसाल वाढतो आहे, पाणी चढते आहे, आमच्या विहिरी खाऱ्या जाहल्या, आणि काठावर आडवे उभे राहते ते एक तिवराचे रान, तर त्यास कुऱ्हाड लागू नये. चौथी गोष्ट माझ्यापाशी नाही."

सभा वाहवा म्हणो लागली. महाराज गादीवर सावरून बसले, आणि आमच्या अंगाचा तिळपापड जाहला. कारण तिवरांविषयी आम्ही बारा वर्षांमागे याच सभेत बोललो होतो! चांगले घटकाभर बोललो होतो, आणि तेव्हा सभेने पानाचे तबक फिरविले, आणि प्रधानांनी आम्हांस सुपारी पुढे करून खाली बसविले. तेच शब्द बाईंच्या मुखातून आले तर अमृत. मग आम्ही उठलो आणि विरोधास उभे राहिलो. म्हटले, वारा चैत्रात पडतो, ऊन संध्याकाळी जाते, आणि मासे का दोन महिने आमची वाट पाहात खाडीत बसणार? म्हणताना आम्हांस पुरते ठाऊक होते की हे बोलणे टाकाऊ आहे. पण पोटात दुखत होते, आणि पोटात दुखते तेव्हा मनुष्य काहीही बोलतो.

आता या राज्याची दुसरी चाल सांगणे प्राप्त आहे. जो विरोधास उभा राहील त्यानेच तो कायदा कागदावर उतरावा, ऐसा पूर्वापार दंडक. कोणे एके काळी कोणी शहाण्या महाराजांनी पाहिले की, मित्राचा कायदा मित्र लिहितो तो गोड लिहितो आणि गुळमुळीत लिहितो, आणि विरोधक लिहितो तो चोख लिहितो, कारण त्यास भोक कोठे आहे ते पाहावयाचे असते. मांडणाराने सांगावे, विरोधकाने लिहावे, आणि लिहिणारा एक शब्द जरी आपल्या मनाचा घालील तर त्याची सभेतली बैठक जावी आणि त्याने जन्मात लेखणी धरू नये. मग आमचीच पाळी आली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नागूबाई आमच्या ओटीवर येऊन बसल्या.

बाई सांगत गेल्या आणि आम्ही लिहीत गेलो. सांगणे ऐसे स्वच्छ की कोठे खोडावे लागले नाही, आणि त्याचाही आम्हांस राग आला. आमच्या कुटुंबाने बाईंपुढे पन्हे ठेविले, आम्हांस ठेविले नाही. तीन कलमे पुरी जाहली आणि भरतीची वेळ आली म्हणोन बाई उठल्या आणि म्हणाल्या, "वडील, आपले अक्षर मोत्याचे. माझा कायदा आपल्या हातून उतरला, हे माझे भाग्य." आमचे वय चोपन्न. वडील! आणि गोड बोलून होडीत बसून गेल्या.

मग आम्ही एकटे कागदाकडे पाहात बसलो, आणि पाहता पाहता बुद्धी फिरली. महाराजांस खाडीच्या जिताड्यावाचून घास उतरत नाही हे मुलखास ठाऊक. प्रधानांच्या घरी कालवे, काळुंदरे नाहीत ऐसा दिवस नाही, आणि सभेतले उरलेले अडतीस जेवणावरच जगतात. तर पहिल्या कलमाखाली आम्ही एक ओळ घातली की, "या दोन महिन्यांत खाडीचा मासा महाराजांच्या मुदपाकखान्यात, प्रधानांच्या घरी आणि सभेच्या कोणाही असामीच्या ताटात येऊ नये, आणि येईल त्याची गादी काढावी." मसलत ऐसी की सभेने ही ओळ ऐकावी आणि खवळावी, महाराजांनी कागद भिरकावून द्यावा, आणि कागदामागे बाईंनीही खाडीपलीकडे जावे. बाईंनी ओळ नाकारली तरी साक्षीस कोणी नव्हते. ओळ आम्ही सुरेख अक्षरात लिहिली आणि वाळू टाकून शाई सुकविली.

मग वैशाख शुद्ध द्वितीयेस कागद सभेत वाचिला गेला. वाचणारा त्या ओळीपाशी आला आणि सभेत पान खाण्याचाही आवाज बंद जाहला. प्रधानांचे तोंड उतरले. नागूबाईंनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिले, आम्ही छताकडे पाहिले, आणि बाई काही न बोलता बसून राहिल्या. आम्ही मनात म्हणत होतो की महाराज आता भडकतील, आता भडकतील. तो महाराज बोलिले, "मागे तीन वेळा आम्ही खाडी बंद केली आणि तीनही वेळा चोरून जाळी पडली. पहारे बसविले, दंड केले, उपाय चालला नाही. का चालला नाही ते आज कळले. चोरीच्या मालाचे गिऱ्हाईक आम्हीच होतो." आणि शिक्का मागविला आणि स्वहस्ते उठविला.

मग दोन महिने राजवाड्यात पडवळ शिजले. महाराज पंक्तीस बसून सर्वांदेखत वरणभात जेवले, प्रधान रडत जेवले, आणि ही बातमी कोळीवाड्यात गेली आणि कोळ्यांनी ऐकले की वरचेही खात नाहीत, मग त्यांनी आपण होऊन जाळी वाळत घातली. पहारेकरी खाडीवर पत्ते खेळत बसले, दुसरे काम त्यांस राहिले नाही. त्याउपरी भूशिरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, राजवाड्याच्या गच्चीवर ऊन धरणारी तावदाने बसली, धुरांडी विझली आणि वाळत घातलेली धोतरे पांढरी राहू लागली, ऐसे धोबी शपथेवर सांगत. तिवरे दाट जाहली. तिसऱ्या साली खाडीत मासा ऐसा आला की म्हातारे कोळी होडीत उभे राहून नुसते पाहात होते, आणि काठच्या दोन विहिरींचे पाणी पुन्हा पिण्याजोगे जाहले. आम्ही यातले काही खोटे म्हणत नाही. खोटे असते तर किती बरे वाटले असते!

पण लोक म्हणत काय? लोक म्हणत, सगळी करामत त्या ताटाच्या ओळीची. मुलखात तिचे नाव पडले नागूबाईंची ओळ. परराज्याचे वकील गलबते करून आले आणि बाकीचा कागद सोडून तेवढी एक ओळ उतरून घेऊन गेले, आणि उतरून घेताना बाईंच्या बुद्धीची तारीफ आम्हांस ऐकवीत गेले. एके दिवशी आमचे कुटुंब आमच्याच ताटात जिताडा वाढता वाढता म्हणाले, "ज्या डोक्यातून ही ओळ निघाली त्यावरून मीठमोहऱ्या ओवाळाव्या. तुम्हांला इतक्या वर्षांत असले एक सुचू नये ना?" आम्ही मूग गिळून बसलो. काटा घशात अडकला, तो मात्र खरा अडकला.

मग चौथे साली बारावी शिळा उभारण्याचा हुकूम जाहला. सारा दरबार बंदरावर गेला, पाथरवट छिन्नी घेऊन बसला, आणि महाराजांनी बाईंस विचारिले की, यावर तुमचे नाव घालतो, काही सांगणे आहे काय? तो नागूबाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "महाराज, कलमे माझी. पण ज्या ओळीने खाडी वाचली ती माझी नव्हे. मी सांगितली नव्हती, कागदावर होती. त्या दिवशी बोलले नाही, कारण बोलले असते तर ओळ गेली असती. आता ज्याची आहे त्याचे नाव माझ्या नावाच्या वर घाला." आणि आमच्याकडे वळून बाईंनी हात जोडिले. त्या हात जोडण्यात लबाडी नव्हती. असती तर सोसले असते.

सारी सभा आमच्याकडे पाहो लागली. महाराज म्हणाले, "दंडक दंडक आहे. ओळ तुम्ही घातली असेल तर बैठक जाईल, लेखणी जाईल, आणि नाव शिळेवर सर्वांच्या वर लागेल. घातली काय?" आमचे नाव ओठांपर्यंत आले. बारावी शिळा समोर उभी, पाथरवटाची छिन्नी वर, आणि आयुष्यात मागितले ते एका होकारावर आलेले. मग ध्यानात आले की उद्यापासून सभेत गादी नाही, आणि लोक विचारतील की विरोधास उभा राहिलेल्या मनुष्याने ही ओळ कशासाठी घातली, आणि बाई रोज आमच्या रिकाम्या गादीसमोर बसून बोलतील आणि आम्ही घरी पडवळ निवडत ऐकू. आम्ही मान खाली घातली आणि म्हटले, "महाराज, बाईंनी सांगितले तैसे लिहिले. अक्षर आमचे, शब्द त्यांचे."

नागूबाई आमच्याकडे पाहात राहिल्या. महाराज हसले आणि म्हणाले की, एवढे मोठे काम करून बाई श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकू पाहतात, विनय म्हणावा तर हा, आणि हेही शिळेवर घाला. म्हणजे बाईंच्या विनयाची म्हणोन आणखी एक ओळ वाढली, आणि विरोधकानेच लिहावे हा दंडक शिळेसही लागू, म्हणोन तीही आम्हीच लिहून दिली.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. खाडीत मासा आहे, विहिरीस पाणी आहे, हवा स्वच्छ आहे, आमची गादी आमच्याकडे आहे, आणि शिळा नागूबाईंच्या नावाची आहे. आम्ही रोज बंदरावर जाऊन ती वाचितो. ताटाची ओळ आली की दोनदा वाचितो.