नावांची पक्की फाईल

निरवांगीच्या नकोशीने राजपत्रात रीतसर नाव बदलून 'करुणा' करून घेतले. त्या नावाचा दाखला शनिवारपर्यंत दिला नाही, तर वडगाव निंबाळकरच्या दवाखान्यातली नर्सची जागा हातची जाणार होती. म्हणून ती इंदापूरच्या एका कचेरीत नव्या कॉम्प्युटरपुढे उभी राहिली. कॉम्प्युटरला हार घातलेला होता.

त्या यंत्रातला दाखले लिहिणारा प्रोग्रॅम, म्हणजे 'एडिटर', मोठा शिस्तीचा. त्याला स्वतःला फारसे काही येत नसे. लागेल ती फाईल तो यंत्रातल्याच कप्प्यांतून शोधून आणी. कप्प्यांचा क्रम ठरलेला. पहिल्यात सापडली, की पुढच्यांचे तोंड पाहायचे नाही.

ऑपरेटर मोहितने नावांची सुधारलेली फाईल तिसऱ्या कप्प्यात ठेवली. दाखला आला 'नकोशी' म्हणूनच.

"नवी फाईल वाचंना का त्यो?"

"पहिल्यात जुनी सापडली ना, ताई. एका घरी जेवल्यावर दुसऱ्याच्या दारात कोण जातं?"

मोहितने नवी फाईल पहिल्या कप्प्यात जुनीच्या शेजारी आणली. तरी नकोशीच! कारण जुनी फाईल यंत्राने भट्टीतल्या विटेसारखी पक्की करून घेतलेली. नवी अजून कच्ची; पक्की करायला साहेबांचा हुकूम लागे. मान पक्कीला. मात्र यंत्र प्रामाणिक. 'कच्ची फाईल अधिक नवी आहे,' असे पडद्यावर लिहून त्याने जुनीच उघडली.

"म्हंजी त्याला कळतंय!"

"कळतं, आणि कळवतोसुद्धा," मोहित अभिमानाने म्हणाला.

"आन् करतो मातुर जुनंच?"

"सरकारी यंत्र आहे, ताई."

"मग ती जुनी पुसून टाका की!"

प्रकरण मानसिंगराव साहेबांपुढे गेले. साहेब म्हणाले, "ती माझ्या आधीच्या साहेबांनी पक्की केलीय. पुसली, तर त्यांचं चुकलं असा अर्थ होईल. त्यापेक्षा बाई, तुम्हीच राजपत्रात परत नकोशी व्हा. यंत्राशी जुळेल."

"आन् माझी नोकरी?"

"ती करुणाला लागली होती. तुमचा काय संबंध?"

शनिवार गेला, जागा गेली. गाव पेटले. चावडीपुढे सभा भरली, यंत्राला शिव्या घालून झाल्या आणि एकमताने ठराव झाला: 'नकोशीला न्याय मिळालाच पाहिजे.'

ती उठून म्हणाली, "माझं नाव करुणा हाय."

"व्हय व्हय, म्हाईत हाय समद्यांला," ठराव मांडणारे आबा म्हणाले. "बस खाली, नकोशे."

गावाला हसणाऱ्या वाचकाने एवढेच सांगावे: इथवर त्याला कीव आली, ती करुणाची की नकोशीची?