काठमांडूतला दुखवटा

दुखवट्याची पिशवी हरवल्याचं काठमांडूत दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. लॉजच्या गॅलरीत गरम पाण्याच्या बादलीवरून भांडण चाललं होतं. ते चालू असतानाच काशीबाईंचं लक्ष आपल्या मुलाच्या, विठूच्या खांद्याकडे गेलं. पेणहून निघाल्यापासून त्या खांद्यावर एक खाकी पिशवी होती. आता खांदा मोकळा होता.

"मेल्या, पिशवी कुठं हाय?"

"हाय ना. खोलीत हाय."

"खोलीत मी झोपलेली. खोलीत नाय."

"मग बसमधी असंल."

बसच्या टपावरचं सामान खाली आलं. चाळीस माणसांच्या वळकट्या, पाण्याचे कॅन, स्वयंपाक्याची पातेली, सगळं रस्त्यावर मांडून झालं. पिशवी मिळाली नाही.

पिशवीत तसं फार काही नव्हतं. एक पांढरी टोपी, एक शर्टपीस आणि स्टीलच्या डब्यात तांदळाच्या पिठाचे गुळातले लाडू. पण त्या पिशवीसाठीच ही माणसं एवढ्या लांब आली होती. काशीबाईंची मुलगी रंभा वारली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा नवरा पुंडलिक रोह्याजवळ वरसेत राहायचा. धाटावच्या एका कंपनीतून तो नुकताच रिटायर झाला होता. बायकोच्या माहेरच्यांनी येऊन जावयाला नवी टोपी घालायची, आपल्या हाताने गोड भरवायचं, म्हणजे दुखवटा निघाला. मग त्या घरात मंगल कार्य करायला हरकत नाही.

पण पुंडलिक तोंड गोड करून घेईना. पेणची माणसं डबा घेऊन आली की तो घरात नसायचा. एकदा गॅसचा नंबर लावायला गेला आणि पाहुण्यांची शेवटची एसटी सुटल्यावर परत आला. एकदा तर "शिफ्टला माणूस कमी हाय" असं सांगून धाटावला निघून गेला. रिटायर झाल्यावर.

इकडे त्याच्या मुलीचं, प्रतीक्षाचं लग्न कासूच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. मुलगा थांबायला तयार होता. त्याची मावशी इंदुबाई तयार नव्हती. "तीन वर्सं कोन थांबतंय गो? दुसरी पोरगी बघू," असं ती कासूच्या स्टेशनवर चार बायकांसमोर बोलून गेली होती आणि ते वरसेपर्यंत पोचलं होतं.

शेवटी विठूने युक्ती काढली. कंपनीतल्या रिटायर मंडळींची नेपाळ यात्रा निघत होती. "आये, भावजींना यात्रेला नेऊ," तो म्हणाला. "देवाच्या दारात दुखवटा काढू. काठमांडूतून पळून पळून जातील कुठं?" इंदुबाईला हे कळलं तेव्हा तिलाही एकाएकी पशुपतिनाथाची ओढ लागली आणि तिनेही आपलं नाव घातलं.

सामान परत टपावर चढत असताना विठूने पुंडलिकला जिन्याखाली ओढलं.

"भावजी, कुणाला सांगू नका. पिशवी समोरच्या जुगाराच्या हाटेलात ऱ्हायली."

हे ऐकून पुंडलिकला बरं वाटलं. "ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे काय? आये जीव घेईल माझा."

"तू कशाला गेलतास थितं?"

"जेवाया."

त्यात खोटं नव्हतं. गोरखपूर सोडल्यापासून यात्रेचा स्वयंपाकी दोन्ही वेळा दुधीची भाजी करत होता. लॉजच्या मॅनेजरने विठूला सांगितलं, समोरच्या मोठ्या हॉटेलात जुगाराचा हॉल आहे, परदेशी पाहुण्यांना आत सोडतात आणि जेवण फुकट असतं. आपण परदेशी आहोत हे विठूला तेव्हाच समजलं. तो संध्याकाळी गेला. जुगाराच्या टेबलांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पण त्या हॉलला लागून एक छोटा हॉल होता आणि त्यात व्हिडिओ गेमच्या जुन्या पेट्या ओळीने उभ्या होत्या.

पेणच्या एसटी स्टँडजवळ विठूचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन पेट्या, आणि शाळा सुटली की पोरांची ही रांग. मग पोरांच्या घरी टीव्हीला लावायचे गेम आले आणि विठूच्या पेट्या भंगारात गेल्या.

"तेच गेम, भावजी!" विठू जिन्याखाली कुजबुजत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "ते पिवळं तोंड ठिपके खात सुटतंय ना, तेच! विमानाचा पन हाय. पेटीचा दांडापन आपल्या दुकानातल्यासारखाच ढिला! खेळता खेळता जेवन विसरलो, पिशवीपन विसरलो."

"जेवलास नाय?"

"नाय ना."

तेवढ्यात इंदुबाई बादली घेऊन जिन्यावरून उतरली. तिच्या कानावर फक्त 'जुगार' आणि 'पिशवी' एवढंच पडलं. तिला तेवढं पुरे होतं. ती गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळ्या यात्रेला कळलं की विठूने बहिणीचा दुखवटा जुगारात लावला आणि हरला.

काशीबाई पदर खोचून जिना उतरल्या. मिठागरात उभा जन्म काढलेली बाई, आवाज असा की खाडीच्या पलीकडचा माणूस वळून बघेल.

"माझ्या लेकीचा दुखवटा जुगारात लावलास?"

"लावला नाय गो आये, ठेवला."

"ठेवला म्हंजी? गहान?"

"गहान नाय! दारात पिशव्या ठेवून घेतात. टोकन देतात."

"मग आन जा टोकन देऊन."

"मीपन येतं," इंदुबाई म्हणाली. "मना बघूंदे काय ता. कासूला जाऊन सांगायचा मना हाय."

बस चार वाजता पोखऱ्याला निघणार होती. चौघं रस्ता ओलांडून हॉटेलात गेली. दारावरच्या उंच पहारेकऱ्याने काशीबाईंना कडक सलाम ठोकला. एवढा सलाम त्यांना जन्मात कोणी केला नव्हता. त्यांनी घाबरून त्याला उलट नमस्कार केला आणि चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. त्याने त्या उचलून परत त्यांच्या पायापाशी आणून ठेवल्या. त्यांनी त्या परत बाहेर ठेवल्या. असं दोनदा झाल्यावर पहारेकऱ्याने हार मानली.

पिशव्यांच्या काउंटरवरच्या मुलाने टोकन मागितलं. विठूने खिशातून पितळेची चकती काढून ऐटीत ठेवली. मुलाने ती उलटीपालटी केली.

"ये तो गेम का टोकन है."

विठूने दुसरा खिसा पाहिला, मग शर्टाचा, मग परत पहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. दोन्ही चकत्या पितळेच्या, दोन्ही सारख्याच मोठ्या. काल शेवटचा डाव खेळायला त्याने खिशात हात घातला होता आणि जी हाताला लागली ती पेटीच्या फटीत सोडली होती.

"म्हंजी," काशीबाई सावकाश म्हणाल्या, "पिशवी तू पेटीला खायाला घातलीस."

"पन पेटीनं डाव दिलान, आये. डाव चांगला झाला."

"टोकन नहीं तो बताइए, थैली में क्या है?" मुलाने विचारलं.

"दुखवटा हाय," विठू म्हणाला.

"वो क्या होता है?"

विठूने पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिक छताकडे पाहत होता. "वो... इनका बायको मर गया," विठू म्हणाला, "तो इनको टोपी डालने का. और लड्डू खिलाने का."

मुलाने पुंडलिककडे नीट बघून घेतलं. "बीवी मर गई, इसलिए लड्डू?"

"ह्याला काय समजनार," इंदुबाई म्हणाली. "लगीन झालेला दिसत नाय."

गेमच्या पेट्या उघडायची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस दुपारी जेवण झाल्यावर येणार होता. तोपर्यंत पाहुण्यांनी जेवून घ्यावं, असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला. पुंडलिकला घाई नव्हतीच. विठूला कालचं जेवण वसूल करायचं होतं. काशीबाई "मी नाय जेवनार असल्या ठिकानी" म्हणाल्या. पण जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्याच भांड्यात तळलेली मासळी दिसली आणि गोरखपूरपासूनची सगळी दुधी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"खाडीची नाय," पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या. "गोड्या पान्याची हाय. पन ताजी हाय." आणि आणखी एक तुकडा घेतला.

इंदुबाईने भात, डाळ, मटण आणि शेवया एकाच ताटात घेतल्या. परत उठावं लागू नये म्हणून. पुंडलिकने नुसता डाळभात घेतला. वर्षभर त्याचं तेच चाललं होतं. लाइनीच्या शेवटी काचेच्या बाउलमध्ये तपकिरी भुगा होता. त्याला वाटलं सुक्या खोबऱ्याची चटणी असेल. त्याने दोन चमचे भातावर घातले, कालवले आणि घास घेतला.

चटणी गोड लागली. तो थुंकायला वाकणार, तेवढ्यात दाताखाली मिरी फुटली.

पुंडलिक तसाच बसून राहिला. मग त्याने घास गिळला. तिथून उठला, बाउलच उचलून टेबलावर आणला आणि भाताशिवाय, चमच्याने, सावकाश खायला लागला.

"भावजी," विठू म्हणाला, "ते गोड हाय."

"माहीत हाय."

काशीबाईंनी बाउलमध्ये बोट घातलं, जिभेवर ठेवलं आणि ताट बाजूला सारलं. "हे माझे लाडू हायत!"

त्यांचा आवाज शेजारच्या जुगाराच्या हॉलमध्ये गेला. तिथलं फिरतं चाक थांबल्यासारखं वाटलं. काउंटरवरचा मुलगा धावत आला, त्याच्यामागून स्वयंपाकघरातला मुख्य आचारी आला. मग उलगडा झाला. रात्री पिशवीला मुंग्या लागल्या, म्हणून काउंटरवरच्या रात्रपाळीच्या माणसाने डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सकाळच्या पाळीच्या आचाऱ्याला वाटलं, कोणा पाहुण्याने भेट दिलेली मिठाई आहे. लाडू कडक होते, म्हणून त्याने कुटून ठेवले. आचाऱ्याने हात जोडले. मुलाने पिशवी आणून दिली. टोपी आणि शर्टपीस जागच्या जागी होते.

आता खरा प्रश्न उभा राहिला.

"दुखवटा निघाला का नाय?" विठूने विचारलं.

"कसा निघंल?" काशीबाई म्हणाल्या. "आमच्या हातानं भरवायला पायजे. ह्यांनी आपल्या हातानं घेतलान. तेपन चटनी समजून."

"लाडू माहेरचा, डबा माहेरचा, वाढपी तेवढा नेपाळचा," विठू म्हणाला. "परत लाडू कुठून आननार आये? उरलाय काय?"

सगळ्यांनी इंदुबाईकडे पाहिलं. कासूला जाऊन सांगायचं तिलाच होतं. इंदुबाईने शेवयांचा घास संपवला. मग ती पुंडलिककडे वळली.

"तुमी वर्सभर गोडाला शिवलाव नाय. मग समजल्यावर थुकलाव का नाय?"

पुंडलिकने चमचा खाली ठेवला. "रंभा एका लाडवात दोन मिऱ्या घालायची," तो म्हणाला. "आई एकच घालतात. मी दुसरी शोधत होतो."

वर्षभरात त्याने बायकोचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"दोन कशाला घालायची?" काशीबाईंनी विचारलं. "मी एकच शिकवलेली."

"मी भराभर खायचो म्हनून. म्हनायची, एका मिरीनं तुमी थांबत नाय."

इंदुबाईने पदराने तोंड पुसलं. डोळेही पुसले असावेत. "निघाला," ती म्हणाली. "मी कासूला सांगते. टोपी घाला त्यांना."

विठूने टोपी पुंडलिकच्या डोक्यावर ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या माणसांना वाटलं, हा गृहस्थ जुगारात मोठा डाव जिंकला असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दारावरचा पहारेकरीही आत येऊन टाळ्या वाजवून गेला. पुंडलिक आयुष्यात कशात जिंकला नव्हता. त्याने उठून सगळ्यांना हात जोडले.

बाउलच्या तळाशी थोडा भुगा उरला होता. पुंडलिकने तो चमच्यात घेतला आणि काशीबाईंच्या पुढे धरला. "आई, तुमीपन तोंड गोड करा."

काशीबाईंनी मान हलवली. "मना नाय चालत."

"का?"

"मीपन नाय खाल्ला गोड, ती गेल्यापासून."

विठू आईकडे बघत राहिला. घरात दिवाळी झाली नव्हती हे त्याला माहीत होतं. लाडू वळणारी बाई स्वतः लाडू खात नाही, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"मग आईचा दुखवटा कोनी काढायचा?" त्याने इंदुबाईला विचारलं.

इंदुबाईला सगळ्या रीती माहीत होत्या. ती विचार करू लागली. नवरा गेला तर बाईचे भाऊ येतात. बायको गेली तर सासुरवाडीची माणसं येतात. लेक गेली तर... "माहेरचं कोन हाय तुमचं?" तिने विचारलं.

"कोन नाय आता," काशीबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा पुंडलिकच्या हातातून घेतला, त्यातला भुगा कागदाच्या रुमालात बांधला आणि पुडीवर पदराची गाठ मारली. "चला, बस सुटंल."

प्रतीक्षाचं लग्न वर्षाच्या आत झालं. इंदुबाईने कासूला जे सांगायचं ते सांगितलं. पुंडलिक आता चहात साखर घेतो. विठूने पेणला परत गेमची एक जुनी पेटी आणली आहे आणि ती बिघडलेली असते.

काशीबाईंचा दुखवटा कोणी काढायचा, हे मात्र पेणला ठरलं नाही, वरसेला ठरलं नाही, कासूलाही ठरलं नाही. तो काढायचा राहिला आहे.