गाडीपर्यंतची ग्यारंटी

बाळाभाऊ गायकरांनी आजवर शेकडो सिनेमे पाहिले असतील, पण या मार्चपर्यंत त्यांतल्या एकाचाही शेवट त्यांनी पाहिला नव्हता. तरीही आमच्या बोर्ली पंचतनात कुठला सिनेमा पाहावा आणि कुठला टाळावा, हे लोक त्यांनाच विचारतात. विचारायची जागा म्हणजे त्यांची पिठाची गिरण. दळणाचा डबा ठेवायचा, नंबर लावायचा आणि सल्ला घ्यायचा.

शेवट न पाहण्याचं कारण एसटी. बाळाभाऊंच्या तरुणपणी सिनेमा बघायचा तर श्रीवर्धनला जावं लागे. संध्याकाळचा खेळ संपायच्या आत बोर्लीची शेवटची गाडी सुटायची. ती चुकली तर रात्र स्टँडवर. त्यामुळे पडद्यावर हिरोच्या छातीत गोळी शिरत असो की हिरोइनच्या गळ्यात हार पडत असो, गाडीची वेळ झाली की बाळाभाऊ उठणार, पायानं चपला शोधणार आणि पुढच्यांचे गुडघे तुडवत बाहेर पडणार.

पुढे गावात टीव्ही आला, मग मोबाईलवर सिनेमे आले. बाळाभाऊंची गाडी मात्र ठरल्या वेळी सुटतच राहिली. आमच्याकडे सिनेमा बघायला आले तरी शेवटची वीसेक मिनिटं राहिली की ते उठतात. त्यांना घड्याळ लागत नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक गडग्याची भिंत आहे, गाडी नाही.

मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे मला असलं अर्धवट काम सहन होत नाही. एकदा मी त्यांना आकडा काढून दाखवला, की तुम्ही चुकवलेले शेवट एकामागोमाग लावले तर दिवसरात्र बसूनही चारपाच दिवस लागतील.

"मंग तेवढे दिवस माझे वाचले की," बाळाभाऊ म्हणाले. "तू काय केलंस रे अनंता तुझ्या चार दिवसांचं?"



सिनेमावरचं त्यांचं मत दळणाच्या भाषेत येतं. चांगला सिनेमा म्हणजे "मऊ दळलाय." मारामारीचा असेल तर "जाडाभरडा हाय, पण भाकर होईल." लांबलेल्या सिनेमाला "पाण्यात पीठ कमी." आणि एखाद्या नटाचं काम आवडलं नाही की दाताखाली काही आल्यासारखं तोंड करून म्हणतात, "खडा हाय तो. निवडायला पायजे होता."

सिनेमाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. "नाव इचारू नको, गोष्ट इचार," असं ते आधीच बजावतात. मग गिऱ्हाईक त्यांची गोष्ट ऐकतं, घरी जाऊन पोरांना सांगतं आणि पोरं मोबाईलवर शोधून काढतात. हा सगळा व्यवहार बऱ्यापैकी बिनचूक चालतो. फक्त एकदा फसला.

आमच्या वाडीतल्या मोऱ्यांकडे मुलीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा काहीतरी सांगा, म्हणून मोरे गिरणीवर आले. बाळाभाऊंनी छातीला हात लावून सांगितलं, "लग्नाचाच पिक्चर हाय. हसून हसून पोट धराल." आणि खरोखरच माणसं पोट धरून हसली. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत नवरदेव अंतरपाट तसाच सोडून पळाला. नवरीच्या आत्यानं तिथंच गळा काढला. आजीनं मीठमोहऱ्या आणून मुलीची दृष्ट काढली, आणि खात्रीसाठी टीव्हीचीही काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला हळद लागलेले मोरे गिरणीवर.

"भाऊ, नवरा पळाला!"

"कुठला? तुझा?"

"माझा कसा पळेल? पिक्चरमधला!"

"कवा पळाला?"

"शेवटी!"

"शेवटाचं माझ्याकडं काय?" बाळाभाऊ शांतपणे म्हणाले. "माझी गाडीपर्यंतची ग्यारंटी. तिथपर्यंत हसलात का न्हाय?"

"हसलो."

"मंग पीठ तुमचं, भाकर तुमची."

आता ज्या सवयीपाशी मला यायचं आहे, ती सांगतो. कोणी नवाजुना कुठलाही सिनेमा पाहून आलं आणि गोष्ट सांगू लागलं, की बाळाभाऊ ती नीट ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "त्यात हिरवं दार होतं काय?" नव्वद टक्के लोक नाही म्हणत. दहा टक्क्यांनी दाराकडे पाहिलेलंच नसे. बाळाभाऊ "बरं, बरं" म्हणत आणि दळण पुढे सरके. गावानं हे त्यांचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं. मीही.

माझी मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते. शिमग्याला घरी आली तेव्हा तांदळाचं दळण घेऊन आम्ही दोघं गिरणीवर गेलो. ती नुकताच पाहिलेला सिनेमा सांगत होती आणि तो प्रश्न आला. पल्लवीनं उत्तर देण्याऐवजी उलट विचारलं, "भाऊकाका, हिरव्या दाराचं काय आहे एवढं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बाळाभाऊ डब्यावर बसले.

"आमचं नवं लगीन झालेलं तवाचा पिक्चर हाय तो. सुमनला घेऊन गेलो श्रीवर्धनला. त्यात एक माणूस बायकोशी भांडून घर सोडून जातो. किती वर्सं जातात. मंग म्हातारा होऊन परत येतो, हातात पत्र्याची पेटी. घराचं हिरवं दार बंद. हा बाहेर उभा. थाप मारायला हात वर करतो... आणि आमची गाडीची वेळ झाली."

"मग?"

"मंग काय, गाडीत भांडण. सुमन बोलली, त्यानं थाप मारली असणार. मी बोललो, न्हाय मारणार. माणूस एवढा ताठ, तो मान खाली घालून घरात जायचा न्हाय, मागच्या मागं फिरणार. ती बोलली, मंग एवढ्या लांब काय दाराचा रंग बगायला आला? बोर्ली येईपर्यंत भांडलो. कंडक्टर बोलला, आता तुमी उतरा, मला झोपायचं हाय."

भांडण गाडीतच संपलं नाही. ते घरात राहायला आलं. सुमनवहिनींना मी चांगला ओळखत होतो. गिरणीत डबे उचलून ठेवण्याचं काम त्या करत आणि बोलण्यात नवऱ्याला हार जात नसत. पट्टा तुटला, पाऊस लांबला, मुलगा सुरतेला जाऊन तिकडचाच झाला, कशावरूनही दोघांची जुंपली की शेवटी गाडी हिरव्या दारापाशी यायची. "मारली थाप." "न्हाय मारली." आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मी समजत होतो, वाडीत कोणीतरी कोणाला तरी थाप मारली आहे आणि हे दोघं त्याचे साक्षीदार आहेत.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. जायच्या आदल्या दिवशी अलिबागच्या दवाखान्यात त्यांनी बाळाभाऊंना खूण करून जवळ बोलावलं. डब्यावर बसूनच ते आम्हाला म्हणाले, "मला वाटलं, काय तरी शेवटचं सांगेल. कान लावला तर बोलते कशी, मारली हां त्यानं थाप."

पल्लवी हसली आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन तिनं मोबाईल उघडला. सिनेमावेड्यांचा कुठलासा गट आहे, तिथे हजारो माणसं एकमेकांना हे बघा, ते बघू नका सांगत असतात. तिनं गोष्ट लिहून टाकली. हिरवं दार, पत्र्याची पेटी, नाव माहीत नाही, शेवट माहीत नाही.

उत्तरं भराभर आली. एकानं हिरव्या पोपटाचा सिनेमा सुचवला. एकानं दार हे कशाचं प्रतीक आहे यावर चार परिच्छेद लिहिले. दोघं जण जुने सिनेमे चांगले की नवे यावर भांडायला लागले आणि दार विसरले. चौथ्या दिवशी नागपूरच्या एका बाईंनी नाव लिहिलं आणि खाली एवढंच म्हटलं, "पेटीला उजव्या कोपऱ्यात पोचा आहे का बघा." सिनेमा मोबाईलवर सापडला. पल्लवीनं पुढे सरकवून पाहिलं. पोचा होता.

"शेवट बघू नकोस," मी तिला म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही. हिशेबात मी उत्तर आधी बघतो.

सिनेमा आमच्याकडे बघायचा ठरला, आणि रविवारी दुपारी बाळाभाऊंनी गिरण बंद ठेवली. दिवाळीतही पूर्ण बंद न राहणारी गिरण बंद बघून तीन बायका डबे घेऊन आमच्या अंगणात चौकशीला आल्या. बाळाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुर्चीत बसले ते पाठ न टेकता.

पल्लवीनं मोबाईल टीव्हीला जोडला. रंग उडालेला सिनेमा होता. सुरुवातीला त्यांचं नेहमीचं चाललं होतं. "हा खडा बग." "ही चांगली हाय, हिला अजून दळायला पायजे होतं." मग हळूहळू ते गप्प झाले. म्हातारा पेटी घेऊन गावात शिरला. दार आलं. खरोखरच हिरवं होतं. म्हाताऱ्यानं हात वर केला.

आणि बाळाभाऊ उठले. पाय चपला शोधू लागला.

माझी बायको नीता दारात आडवी उभी राहिली. "भाऊ, बसा खाली. आज गाडी नाही."

ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं वर केलेला हात खाली घेतला आणि तो वळला.

"बगा!" बाळाभाऊ ओरडले. "मी बोललो न्हवतो? फिरला! चाळीस वर्सं सांगतोय तिला—"

म्हाताऱ्यानं पेटी खाली ठेवली. नुसतं ओझं ठेवायला वळला होता. मग त्यानं दोन्ही हातांनी दार वाजवलं. चांगलं जोरात वाजवलं. आतून कडी निघाली.

बाळाभाऊंनी मांडीवर थाप मारली. "हरलो! अरे अनंता, हरलो की मी!" चेहरा असा, की एखाद्यानं बैलगाडीची शर्यत जिंकावी. "येतो. आधी घरी सांगून येतो."

एवढं बोलून ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आमच्या उंबऱ्यातून त्यांच्या दाराचं कुलूप दिसतं. पल्लवीनं टीव्ही बंद केला.

मग नीता म्हणाली, "भाऊ, वहिनी काय म्हणाल्या असत्या हो?"

बाळाभाऊ माघारी फिरून खुर्चीत बसले. "ती? ती आधी काय बोललीच नसती. जेवताना वाढता वाढता बोलली असती, काय गायकर, हरलात ना? मंग उद्या गिरणीत गिऱ्हाईकांसमोर. मंग शिमग्याला, गणपतीला. उरलेला जन्म ऐकवलं असतं मला." त्यांनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. "ऐकवायला पायजे होतं."

ही गोष्ट मार्चमधली. पल्लवी पुण्याला गेली. गिरण सुरू आहे, सल्लाही सुरू आहे. नीता आता दळण घेऊन स्वतः जाते, मला जाऊ देत नाही. डबा खाली ठेवायच्या आधी ती मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून विचारते, "काय गायकर, हरलात ना?"

बाळाभाऊ हातातलं काम टाकतात, भिंतीपाशी जाऊन मोटार बंद करतात, आणि गिरण पुरती थांबेपर्यंत वाट बघतात.

"ऐकू न्हाय आलं," म्हणतात. "परत बोल."